३२ वर्षांनी कोरोनर: ‘डिसोनन्स थिअरी’च्या निमित्ताने परतीच्या रेकॉर्डिंगची चिरफाड

खर्जातला

१७ ऑक्टोबर २०२५ ला सेंच्युरी मीडियाकडून कोरोनरचा ‘डिसोनन्स थिअरी’ आला. त्याआधीचा पूर्ण अल्बम ‘ग्रिन’, १९९३ चा. ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: झ्यूरिकचं थ्रॅश (वेगवान, आक्रमक मेटल) वाजवणारं त्रिकूट, आधी सेल्टिक फ्रॉस्ट या बँडचे रोडी (दौऱ्यात उपकरणं सांभाळणारे). १९८६ च्या ‘डेथ कल्ट’ डेमोवर तर सेल्टिक फ्रॉस्टचा टॉम जी. वॉरियरच गायला होता. मग १९८७ ते १९९३ मध्ये पाच अल्बम, सगळे नॉइझ रेकॉर्ड्सवर. १९९६ ला दुकान बंद. २०११ पासून पुन्हा मंचावर, पण नवं गाणं नाही. मूळ ड्रमर मार्की एडेलमन २०१४ ला बाजूला झाला, त्याच्या जागी दिएगो रापाकिएत्ती. गिटारवर टॉमी फेटरली, बास आणि गळा रॉन ब्रोडर, हे दोघे पहिल्यापासूनचे.

अल्बम चांगला की वाईट यावर इथे काथ्याकूट नको, त्यासाठी वेगळा धागा आहेच. मला बोलायचंय ते रेकॉर्डिंगवर. पंचवीस-तीस वर्षं गॅप पडलेला थ्रॅश बँड स्टुडिओत शिरतो तेव्हा काय काय फसतं आणि का? माझं मत आधीच सांगून टाकतो: म्हातारपणी वेग जातो हा गैरसमज आहे. परतीचे अल्बम बिघडतात ते संगणकाच्या पडद्यावर, वाजवणाऱ्याच्या हातात नाही. ‘डिसोनन्स थिअरी’ टॉमीने स्वतःच्याच न्यू साउंड स्टुडिओत प्रोड्यूस केला आणि मिक्सिंग-मास्टरिंग मात्र स्वीडनच्या येन्स बोग्रेनकडे दिलं. ही वाटणी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. गिटारवाला स्टुडिओचा मालक असला की घड्याळ नसतं, आणि घड्याळ नसलं की माणूस त्याच सहा बारांवर (लयीच्या आवर्तनांवर) आठवडा घालवतो. शेवटचा हात परक्याचा असला की निदान फायली एका तारखेला घराबाहेर पडतात.

या, हाणा.

मिरजेची तार

धागा आवडला. हाताबद्दल अर्धा सहमत.

आधी हिशेब. २०० बीपीएमला (मिनिटाला २०० ठोके) सोळावे (ठोक्याचे चार भाग) वाजवताना दोन फटक्यांत ७५ मिलिसेकंदांचं अंतर असतं, म्हणजे सेकंदाला १३ च्या वर फटके. हे वर-खाली, आलटून पालटून. पण थ्रॅशचा खरा कस त्यात नाही, तो फक्त खालच्या फटक्यांत आहे. त्याच २०० ला नुसत्या डाउनस्ट्रोकने आठवे (ठोक्याचे दोन भाग) वाजवले तर सेकंदाला साडेसहाच्या पुढे, आणि दर फटक्यानंतर हात मोकळाच वर आणायचा. पन्नाशी-साठीत पहिला प्रकार टिकतो, दुसरा आधी सुटतो. कारण पहिल्यात मनगट हलतं, दुसऱ्यात मनगट थकलं की कोपर मदतीला येतं आणि कोपर आलं की आवाज बदलतो: पाममूटची (तळव्याने तार दाबून वाजवण्याची) बैठक सैल होते, ‘ढक् ढक्’चं ‘ढॅंग ढॅंग’ होतं.

रियाजाची रीत जुनीच. ठरलेल्या लयीच्या ६५-७० टक्क्यांपासून सुरुवात, दर वेळी ४ बीपीएमने वर, आणि हात पेटला की थांबायचं, दात-ओठ खाऊन पुढे जायचं नाही. दुखऱ्या शिरांवर वाजवलेला टेक पुढे कामाला येतच नाही. स्टुडिओत सगळ्यात वेगवान गाणं दिवसाच्या सुरुवातीला नाही आणि शेवटीही नाही. हात तापल्यावर, पहिल्या दीड-दोन तासांत.

आता गिटारचा ट्रॅक. डावी एक, उजवी एक, दोन्ही स्वतंत्र वाजवलेल्या. एकच टेक कॉपी करून सरकवायचा नाही, त्याने रुंदी येत नाही, पोकळ आवाज येतो. दोन टेकमध्ये १०-१५ मिलिसेकंदांचा फरक कानाला गोड लागतो. तो २५ च्या वर गेला की ७५ च्या घरात एक तृतीयांश चिखल झाला. चार गिटार थापायचा मोह २०० च्या पुढे आवरावा, चिखल चौपट होतो.

आणि सूर लावताना तार हलकेच छेडून नाही, रेकॉर्डिंगमध्ये माराल तेवढ्याच जोराने मारून लावा. जोरात मारलेली जाड तार सुरुवातीला वर चढते, मग खाली बसते. थ्रॅशमध्ये ती बसेपर्यंत पुढचा फटका आलेला असतो. मापक यंत्रावर काटा पहिल्या क्षणी कुठे जातो ते बघायचं.

डबलबेस

‘संगणकाच्या पडद्यावर बिघडतात’ याला +१००.

ड्रमबद्दल लिहितो. आजचा रिवाज असा की ड्रमर वाजवतो, मग एडिटर प्रत्येक फटका जाळीवर ओढून बसवतो आणि वर सँपल (ड्रमच्या आधी रेकॉर्ड केलेल्या फटक्याचा आवाज) चढवतो. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत, लोक एकाच दमात शिव्या घालतात.

सँपल वाईट नाही. दुहेरी बास ड्रम २०० च्या घरात वाजतो तेव्हा खऱ्या पायाचा जोर एकसारखा राहत नाही, कमकुवत पायाचे फटके गिटारखाली गडप होतात. म्हणून आधार लागतो. फक्त तो आधार त्याच सेटचा हवा. माइक लावून झाले, आवाज जमला की गाणी सुरू करायच्या आधी प्रत्येक ड्रम एकेकटा वाजवून घ्या: चार-पाच जोरांत, प्रत्येक जोराचे दहा-पंधरा फटके, प्रत्येक फटका पूर्ण विरेपर्यंत शांतता. अर्ध्या तासाचं काम. हे नाही केलं की मग मिक्सिंगवाला त्याच्या खजिन्यातला स्नेअर लावतो आणि झ्यूरिकचा बँड, सॅन फ्रान्सिस्कोचा बँड, सगळे एकाच खोलीत वाजवल्यासारखे ऐकू येतात.

सँपल लावल्यावर पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) तपासा. सँपल मूळ फटक्यापेक्षा २-५ मिलिसेकंद उशिरा आलं तर खालचा आवाज एकमेकांना खातो. बास ड्रम जोडल्यावर पोट वाढायला हवं. कमी झालं तर लाट मोठी करून बघा, एक वर जातेय आणि दुसरी खाली, हे डोळ्यांना दिसतं. सरकवा, नाहीतर उलटवा.

ओव्हरहेड (सेटच्या वर टांगलेले) माइक दोन्ही स्नेअरपासून सारख्या अंतरावर. दोरी घेऊन मोजा. एक मीटरला आवाज जवळपास ३ मिलिसेकंद घेतो, त्यामुळे वीतभर फरकानेही स्नेअर मधून सरकून एका बाजूला झुकतो. स्नेअरचं वरचं कातडं अशा संगीतात दिवसाला एक जातं, ते बजेटमध्ये धरा.

उरली जाळी. तीच खरी खलनायिका. पण त्यावर जुनी कॅसेट यांनी लिहावं, त्यांचा प्रांत आहे.

जुनी कॅसेट

बोलावलंत म्हणून आलो 😀

क्लिक (कानात वाजणारा मेट्रोनोम) म्हणजे पाप असं काही नाही. पाप आहे ते अख्ख्या गाण्याला एकच आकडा देणं. ऐंशीच्या दशकातले थ्रॅश अल्बम घ्या आणि बार मोजा. कोरसला लय चढते, संथ तुकड्यात उतरते, सोलोच्या आधीच्या फिलमध्ये ड्रमर थोडा धावतो. ऐकणाऱ्याला ‘जोर आला’ वाटतं ते यामुळे. तोच बँड तीस वर्षांनी १८४ च्या सपाट क्लिकवर तेच वाजवतो आणि लोक म्हणतात, धार गेली.

उपाय सोपा आहे, वेळखाऊ आहे. तालमीच्या खोलीत क्लिकशिवाय गाणं चार-पाच वेळा वाजवायचं, फोनवर का होईना रेकॉर्ड करायचं. त्यातला जो टेक सगळ्यांना ‘हाच’ वाटतो तो प्रोजेक्टमध्ये टाकायचा, दर बाराच्या पहिल्या फटक्यावर खूण करायची, आणि प्रत्येक भागाची सरासरी लय काढायची. समजा कडवं १७६, कोरस १८०, मधला संथ भाग १७०. हा नकाशा झाला. आता क्लिक त्या नकाशाप्रमाणे वाजवायचं. एका भागातून दुसऱ्यात उडी मारायची नाही, शेवटच्या बारात चढ द्यायचा, नाहीतर ड्रमर दर वेळी तिथेच अडखळतो आणि खापर त्याच्या वयावर फुटतं.

मग एडिटिंग. बाराचा पहिला फटका आणि गिटारच्या रिफशी (पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याशी) जोडलेले बास ड्रम जाग्यावर आणा, बाकी हात लावू नका. हाय-हॅट आणि राइड तर अजिबात नाही. झांजा जाळीवर ओढल्या की ओव्हरहेडमध्ये काप पडतात, झांजेची शेपूट तुटते, सगळीकडे ‘स्सक्’ असा आवाज येतो.

नवा ड्रमर असलेल्या बँडला इथे एक फायदा मिळतो. जुन्या माणसाच्या सवयी त्याला नसतात, त्यामुळे रिफ लिहिणाऱ्याला लय कागदावर ठरवावीच लागते.

निमूट वाचक

वाचतोय. जाळी म्हणजे क्वांटाइझ ना?

जुनी कॅसेट

होय. बारचे सारखे भाग पाडून फटके त्या रेघांवर चिकटवणं.

रिळवाला

परतीच्या रेकॉर्डिंगआधी बहुतेक बँड जुनी रिळं उघडतात. कधी पुनर्प्रकाशनासाठी, कधी अर्धवट राहिलेलं गाणं शोधायला. एक्सोडसच्या २००४ च्या ‘टेम्पो ऑफ द डॅम्ड’वर ‘इम्पेलर’ आहे, ते त्यांच्या ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं, तोवर स्टुडिओ अल्बमवर कधी न आलेलं गाणं. त्या अल्बमआधीचा ‘फोर्स ऑफ हॅबिट’ १९९२ चा. तर रिळांबद्दल सावधगिरी.

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच टेप, अँपेक्स ४५६ त्यात कुप्रसिद्ध, आता चिकट झाल्यात. त्यांचं बंधक रसायन हवेतला ओलावा पितं. तशीच मशीनवर चढवली तर किंचाळते, हेडवर तपकिरी थर सोडते, आणि तो थर म्हणजे तुमचं संगीत. अशी टेप आधी भाजतात: साधारण ५४ अंश सेल्सिअस, कमीत कमी ८ तास, दोन इंची रिळाला त्याहून जास्त, मधून मधून उलटवत. नंतर तेवढाच वेळ सामान्य तापमानाला येऊ द्यायची. घरचा ओव्हन नको, त्याचं तापमान वीस अंश इकडे-तिकडे जातं. फळं वाळवायचं यंत्र चालतं, त्यात तापमापी स्वतंत्र ठेवायची. भाजलेली टेप काही आठवडे नीट चालते, तेवढ्यात ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटला उतरवून घ्यायची.

एक भेद लक्षात ठेवा: ॲसिटेटची जुनी टेप भाजायची नसते, ती कायमची जाते. रीळ उजेडासमोर धरा, गठ्ठ्यातून उजेड आरपार दिसला तर ॲसिटेट. ऐंशीच्या दशकातल्या स्टुडिओ टेप पॉलिएस्टरच्या असतात, त्यामुळे थ्रॅशवाल्यांना हा धोका क्वचितच.

दुसरा मुद्दा हक्कांचा. गाण्याचा हक्क एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. जुनं ध्वनिमुद्रण बहुतेक वेळा कंपनीकडे असतं आणि कंपन्या हात बदलतात. नॉइझची जुनी गाणी आज बीएमजीकडे आहेत. म्हणून कित्येक बँड जुना माल नव्याने वाजवतात. टेस्टामेंटने २००१ ला ‘फर्स्ट स्ट्राइक स्टिल डेडली’ केला, एक्सोडसने २००८ ला पहिला अल्बम अख्खा पुन्हा वाजवून ‘लेट देअर बी ब्लड’ नावाने काढला. जुन्या करारात ‘अमुक वर्षं हेच गाणं पुन्हा रेकॉर्ड करणार नाही’ असं कलम असतं. तीस वर्षांनी ते बहुधा संपलेलं असतं, तरी आधी वाचावं.

खर्जातला

रिळवाले, दंडवत घ्या.

हक्कांवरून एक शंका: नव्याने वाजवलेले ते अल्बम लोक का ऐकत नाहीत? वाजवणं तर पूर्वीपेक्षा सफाईदार असतं.

मिरजेची तार

सफाईदार असतं म्हणूनच. आणि सूर. पुष्कळ बँड गळ्याच्या सोयीसाठी अर्धा सूर खाली आलेले असतात. मूळ गाणं ‘ई’मध्ये ताणलेल्या तारेवर बसवलेलं, ते सैल तारेवर वाजतं. त्याच जाडीच्या तारा ठेवून सूर उतरवला की पाममूटचा कणा मोडतो. ई ला १० ते ४६ चा संच (तारांची जाडी, इंचाचे हजारांश) चालतो. अर्धा सूर उतरलात तर ११ पासूनचा घ्या, पूर्ण एक सूर उतरलात तर खालची तार ५२ ची हवी. जाडी बदलली की ब्रिजवर इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर जुळणं) पुन्हा, आणि नटच्या खाचा अरुंद पडतात का ते बघणं आलंच. तार खाचेत अडकली की सूर लावताना ‘टिक्’ असा आवाज येतो, तीच खूण.

काळी पट्टी

गळ्यावर कुणी लिहिलं नाही, म्हणून मी.

थ्रॅशचा आवाज गाण्यापेक्षा ओरडण्याकडे झुकलेला असला तरी तो स्वरतंतूंच्या वरच्या भागातून काढायचा असतो, थेट तंतू घासून नाही. पंचविशीत घासून काढलेला आवाज निभावतो. साठीकडे झुकल्यावर तोच माणूस तसाच गायला की दुसऱ्या दिवशी बोलणंही बसतं.

स्टुडिओचं वेळापत्रक त्यानुसार. दिवसाला सव्वा ते दीड तास प्रत्यक्ष गाणं, लगोलग दोन दिवस नाही. तालीम धरून नाही, रेकॉर्डिंगच तेवढं. एका बैठकीत एकच गाणं अथपासून इतिपर्यंत, कारण आज एक कडवं आणि चार दिवसांनी दुसरं केलं तर घोगरेपणा जुळत नाही आणि जोड कुठे आहे ते पाचवीतलं पोरही सांगेल. पाणी गाताना पिऊन उपयोग नाही, तंतूंपर्यंत त्याचा परिणाम पोहोचायला तास-दोन तास जातात, म्हणून सकाळपासून. कुजबुजणं बंद, त्याने आवाजाला विश्रांती मिळते हा भ्रम आहे.

माइक महागडा कंडेन्सरच हवा असं नाही. हातात धरायच्या एसएम५८ वर किंवा स्टँडवरच्या एसएम७बी वर कित्येक जण जास्त मोकळे गातात, कारण मंचावरची सवय. एसएम७बी ला मात्र ६० डेसिबलच्या आसपास गेन लागतो, स्वस्त इंटरफेस तिथे सूं सूं करू लागतो. हेडफोनमध्ये गायकाला गिटार कमी आणि ड्रम जास्त द्या. गिटारची भिंत कानात असली की माणूस तिच्यावर मात करायला जातो.

पझेस्डचा २०१९ चा ‘रेव्हेलेशन्स ऑफ ऑब्लिव्हियन’ या दृष्टीने ऐका. पूर्ण लांबीचा आधीचा अल्बम १९८६ चा. जेफ बेसेरा १९८९ मध्ये गोळीबारात जखमी झाला, तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत. पूर्वी बास आणि गळा दोन्ही, आता फक्त गळा. शब्दांचे तुकडे श्वासाला जुळतील असे पाडलेले आहेत, आणि त्याने गाणी कुठे लंगडत नाहीत. कडव्यात श्वासाच्या जागा लिहितानाच ठेवायच्या, पंच करून (मधलाच तुकडा पुन्हा रेकॉर्ड करून) जोडायच्या नाहीत. मंचावर गाताना पंच नसतो.

डबलबेस

ताई, ‘गाताना पंच नसतो’ हे ड्रमर आणि गिटारवाल्यांनाही लागू. लेखी द्या 🙏

शून्य फ्रेट

वरच्या सगळ्यांशी थोडं भांडतो.

तुम्ही जाळीला नावं ठेवताय, पण परतीच्या अल्बमांचा खरा आदर्श कोणता धरता? एक्सोडसचा २००४ चा. तो निर्माता अँडी स्नीपचा. घट्ट, कोरडा, आधुनिक. त्याने थ्रॅशला नवा जन्म दिला असं मीही मानतो. पण त्यानंतर वीस वर्षं प्रत्येक जुना बँड तोच आवाज मागतो. एक्झॉर्डर २०१९ ला आले, त्याआधीचा अल्बम १९९२ चा. डार्क एंजल ५ सप्टेंबर २०२५ ला ‘एक्स्टिंक्शन लेव्हल इव्हेंट’ घेऊन आले, आधीचा १९९१ चा, ज्याच्या वेष्टनावर ‘९ गाणी, ६७ मिनिटं, २४६ रिफ’ अशी जाहिरात होती. सगळ्यांकडे रिफ आहेत, अडचण ती नाही. अडचण ही की गिटारचा मधला आवाज कापून टाकतात आणि रिफ कितीही असोत, ऐकू येतो नुसता ठोका.

कोरोनरमध्ये हे कमी झालं कारण ते तिघेच आहेत. एकच गिटारवाला असला की सोलोखाली बास एकटा उभा राहतो. त्याला अंगभूत मधला आवाज लागतो, नाहीतर सोलो सुरू झाला की गाण्याची हवा जाते. म्हणजे मांडणीच मिक्सिंगवाल्याचे हात बांधते.

मिरजेची तार

हे पटलं. बासची रीत सांगतो, त्रिकुटांसाठी फार कामाची. बास थेट डीआयमधून (ॲम्पशिवाय सरळ) स्वच्छ घ्या. मिक्समध्ये त्याच्या दोन प्रती करा. एकीवर २०० हर्ट्झच्या वरचं सगळं कापून कडक कॉम्प्रेशन, ती जमीन. दुसरीवर २०० च्या खालचं कापून डिस्टॉर्शन, तिथे ८०० हर्ट्झ ते २ किलोहर्ट्झमध्ये बोटांची किंवा पिकची टकटक ऐकू येते. दोन्हींची फेज तपासा, फिल्टरमुळे जोडाजवळ खड्डा पडतो. सोलो आला की फक्त दुसरी प्रत २-३ डेसिबलने वर. ऐकणाऱ्याला गिटार कमी झाल्याचं कळतही नाही.

गिटारचंही डीआय नेहमी घ्या, ॲम्पचा आवाज पक्का असला तरी. टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास, त्यावर नाही. पुढे मिक्सिंगवाला तेच सिग्नल रिॲम्प पेटीतून खऱ्या ॲम्पला देऊ शकतो. पेटी हवीच, इंटरफेसच्या मागून सरळ केबल ॲम्पला जोडली तर पातळी फार जास्त आणि इम्पिडन्स चुकीचा, आवाज बोथट होतो.

ॲम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर पेडल, ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल पूर्ण, टोन मध्यावर. तो इथे डिस्टॉर्शनसाठी नसतोच. त्याची रचना ७२० हर्ट्झच्या खालचं कमी करते, त्यामुळे ॲम्पमध्ये जाणारा खर्ज घट्ट होतो आणि पाममूट गुळगुळीत न होता तुटक येतात. शून्य फ्रेट म्हणतात तो मधला आवाज मात्र ॲम्पवर ठेवा, १२ वाजताच्या खाली नको. एसएम५७ माइक स्पीकरच्या कापडापासून दोन बोटं, शंकूच्या मधल्या टोपीच्या कडेवर. एक सेंटीमीटर मध्याकडे सरकवला की कर्कश, बाहेर सरकवला की घोंगडी. सगळं ईक्यू त्या एका सेंटीमीटरमध्ये आहे.

नवखा_पुणे

छान चाललंय. आमच्यासारख्यांनी इथे, घरच्या खोलीत हे करायचं तर? अमेरिकन ॲम्प आहे, आणि पावसाळ्यात गिटारचा सूर टिकत नाही.

डबलबेस

ॲम्प १२० व्होल्टचा असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर ५०० व्हीएचा घ्या, २०० चा नको; व्हॉल्व ॲम्प चालू होताना जास्त ओढतो. मागच्या पट्टीवर ५०/६० हर्ट्झ दोन्ही छापलंय का ते बघा. फक्त ६० असेल तर आपल्या ५० वर त्याचा ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो, सलग तासन्‌तास चालवू नका. आणि अर्थिंग तिन्ही पिनांचं, इलेक्ट्रिशियनकडून तपासून. ५० हर्ट्झची जाड घुमी येत असेल तर अर्थचा फेरा झालाय, सगळी उपकरणं एकाच बोर्डवर आणा. १०० हर्ट्झची खरखरीत भुणभुण असेल तर ॲम्पच्या आतले फिल्टर कपॅसिटर थकलेत, ते दुरुस्तीवाल्याचं काम. स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही आत शेकडो व्होल्ट साठलेले असतात.

मिरजेची तार

पावसाळ्याचं: लाकूड ओलावा पितं, मान हलते, तारा वर येतात, सूर आणि इंटोनेशन दोन्ही जातं. खोलीत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता ठेवायचा प्रयत्न करा. जुलैत पुण्यात ती सहज ८० च्या वर असते, कोकणात तर विचारूच नका. निर्द्रावक यंत्र नसेल तर एसी कोरड्या मोडवर, आणि गिटार पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह.

मान तपासायला पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबा, सातव्या-आठव्यापाशी तार आणि फ्रेटमध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास फट हवी. पोस्टकार्डाएवढी. ट्रस रॉड (मानेतली सळई) एका वेळी पाव फेऱ्याच्या वर नाही, मग तासभर थांबायचं. रेकॉर्डिंग महिनाभर चालणार असेल तर सगळ्या ऱ्हिदम गिटार एकाच आठवड्यात उरका. पहिलं गाणं जूनच्या सुरुवातीला आणि शेवटचं ऑगस्टमध्ये वाजवलं तर गिटार दोन वेगळी वाद्यं असतात.

जुनी कॅसेट

‘निर्द्रावक’ नव्हे, ‘निर्जलक’ 😛 डिह्युमिडिफायर म्हणा की सरळ.

मिरजेची तार

म्हटलं. डिह्युमिडिफायर.

रिळवाला

शेवटचा टप्पा राहिला, मास्टरिंग आणि तबकडी (व्हिनाइल).

आजच्या मेटलची सरासरी पातळी उणे ७ ते उणे ९ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) घरात असते. स्पॉटिफाय मुळात उणे १४ वर आणून वाजवतं, म्हणजे तुमचे पाच ते सात डेसिबल तिथे खालीच येणार. मोठ्या आवाजाचा फायदा शून्य, पण स्नेअरचा चिरडलेला फटका कायम राहतो. परतीच्या अल्बमला हे जास्त बाधतं, कारण ऐकणारा लगेच ऐंशीच्या दशकातली मूळ सीडी लावून तुलना करतो, आणि तिच्यात ड्रमला श्वास असतो.

तबकडीसाठी वेगळं मास्टर मागा. ३३ च्या वेगाला एका बाजूवर १८ ते २२ मिनिटं मोकळी बसतात. २४ च्या पुढे खोबणी जवळ आणावी लागते, मग एक तर पातळी खाली नाहीतर खर्ज कमी. पाऊण तासाच्या वरचा थ्रॅश अल्बम एका तबकडीवर कोंबायचा की दोन तबकड्या करायच्या हे गाणी ठरतानाच ठरवा, छापखान्याच्या दारात नाही. बाजूच्या शेवटी, म्हणजे आतल्या वर्तुळात, सुई तेवढ्याच वेळात कमी अंतर कापते, म्हणून वरचा आवाज फाटतो. तिथे झांजांनी भरलेलं सगळ्यात वेगवान गाणं ठेवू नका, मध्यम लयीचं ठेवा. १५० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो. ‘स’ आणि ‘श’ वर डीएसर (सिसकारा दाबणारं साधन) जरा जास्त, कारण कटरचं हेड तिथे तापतं.

शून्य फ्रेट

म्हणजे डिजिटलचा क्रम एक आणि तबकडीचा वेगळा?

रिळवाला

चालतो. फक्त दोन्ही क्रम बँडने ठरवावेत, कंपनीने नव्हे. गाण्यांमधल्या शांततेची लांबी दोन्हींना पुन्हा मोजावी लागते. वेगवान गाण्यानंतर संथ आलं तर दोन-अडीच सेकंद, उलट असेल तर एकही पुरतो. तबकडीचं मास्टर आलं की आधी बाजूंची शेवटची गाणी ऐका, मग बाकीचं. चाचणीची तबकडी येते तेव्हा निदान तीन प्रती तीन वेगवेगळ्या टर्नटेबलवर लावा. एकाच जागी तिन्हींवर टिक् येत असेल तर दोष साच्यात आहे आणि तो छापायच्या आधीच परत पाठवायचा. एकीवरच येत असेल तर ती प्रत धुळीची.